चुकलेली गोळी आणि साडेदहाची गाडी

टाळ थांबवा जरा. हां! पेटी चालू राहू दे, पण हळू. मंडळी, पाय आखडले असतील तर पसरून बसा. देव रागावत नाही. रागावते ती मी! आणि आज मी घरून रागावूनच निघालेय.

का म्हणता? सांगते की! आत्ता देवळाच्या पायरीवर एक बाई भेटल्या. नाव नाही घेणार. मान खाली घालून कोण बसलंय ते बघा म्हणजे कळेल! मला म्हणतात, "आजी, चार दिवस जप राहिला होता, लग्नघर होतं ना! पण आज पहाटे बसले आणि पाचही दिवसांचा उरकून टाकला." — उरकून टाकला! भांडी उरकतात तसा जप उरकला! आणि वर तोंडभर हसू!

तर आजचा प्रश्न हाच. चुकलेला नेम भरून निघतो का? सोमवारचं राहिलं, ते शुक्रवारच्या पाठीवर लादलं, तर देवाकडे पोचतं का? पोचतं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. अगबाई! एवढे? बायका कमी, पुरुष जास्त. वाटलंच होतं मला!

मग ऐका. आणि मध्येच उठून प्रसादाच्या रांगेत उभं राहू नका, प्रसाद कुठं पळून जात नाही.

एका तालुक्याच्या गावात रत्नप्रभाबाई काळोखे राहायच्या. वय अठ्ठावन्न. हाताला चव अशी, की त्यांच्या आमटीचा वास आला की शेजारचा उपास मोडायचा! वजन? एकशे अठरा किलो. हसू नका! तुमच्यातले तिघं तरी काटा दिसला की चप्पल शोधायला लागतात.

या रत्नाबाईंना वजनाचं कधी काही वाटलं नाही. पण एकदा जावेच्या घरी बारशाला गेल्या. जाऊ म्हणाली, "वन्सं म्हणतात तुमचा हात फार हलका. बाळाला आज तुम्ही न्हाऊ घाला." रत्नाबाई खूष! पदर खोचला, न्हाणीत पाटावर बसल्या, पाय लांब केले — आणि थांबल्या. बाळाला पायांवर घ्यायचं ना? अहो, पण पाय कुठायत? पोटाच्या पलीकडे कुठंतरी असणार, पण दिसेनात! बाळ ठेवायचं कुणाच्या भरवशावर? जावेनं बाळ उचलून घेतलं. मग रत्नाबाईंना उठवायला चार बायका लागल्या. पाचवी पाट ओढायला. पाट बुडाला चिकटून वर आला होता, शपथ घेऊन सांगते!

सगळ्या हसल्या. रत्नाबाईही हसल्या. घरी आल्या, आणि देवापुढं बसून एवढंच म्हणाल्या, "माझ्या स्वप्नालीचं मूल माझ्याच पायांवर न्हाईल. बाकी मला काही नको."

स्वप्नाली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, नाशिकला दिलेली. तेव्हा तिला दिवससुद्धा गेले नव्हते. पण आईनं ठरवलं ते ठरवलं! शहरात जाऊन पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. केवढं पोट राहिलं? एका केळ्याएवढं! दोन घास खाल्ले की तिसरा दारातून परत.

आता घरी सोडायच्या दिवशी तिथल्या आहारतज्ज्ञ गावित मॅडम आल्या. त्या काय म्हणाल्या ते नीट ऐका, कारण सगळं आख्यान तिथंच आहे. "रत्नाताई, पोट लहान झालंय. जेवणातून शरीराला पुरेल एवढं आता मिळणार नाही. म्हणून गोळ्या घ्यायच्या. रोज. आयुष्यभर. आणि लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही. मध्ये निदान दोन तास हवेत. आणि हो, गोळी चुकवायची नाही."

शेजारी कोण उभं होतं? रत्नाबाईंचे यजमान, भालचंद्रराव. एस.टी.तून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक! स्टँडवर कोठडीत बसून "अमुक गाडी तमुक फलाटावर उभी आहे" म्हणतात ना, ते! तीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांनी मॅडमचं सगळं ऐकलं. पण कानात शेवटचंच वाक्य घर करून बसलं — गोळी चुकवायची नाही!

झालं! घरी आल्या आल्या भिंतीवर काळा फळा लागला. पांढऱ्या अक्षरात वेळापत्रक! सकाळी आठ दहा, लोह. साडेदहा, कॅल्शियम. दीड वाजता जेवणानंतर, मल्टीव्हिटॅमिन. पाच वाजता, कॅल्शियम दुसरी फेरी. रविवारी डी जीवनसत्त्वाची विशेष गाडी! शिवाय एक नोंदवही. आणि नुसतं लिहून भागतंय होय? आठ वाजून पाच मिनिटांनी माजघरात उभं राहून ते घोषणा करायचे: "लक्ष द्या! आठ वाजून दहा मिनिटांनी सुटणारी लोहाची गोळी ओट्यावर येत आहे!" त्यांचा आवाज केवढा! शेजारच्या शाळेचा शिपाई साडेदहाच्या कॅल्शियमवर घंटा द्यायचा. बिघडलेलं घड्याळ त्यानं दुरुस्तच केलं नाही!

रत्नाबाईंना नुसता वैताग! "अहो, मी ओट्यापाशीच उभी आहे! ओरडता कुणाला?"

"घोषणा प्रवाशाला नसते, रत्ना. नियमाला असते."

"मग नियमालाच द्या गोळी!"

आता तुम्ही सांगा, घरात दुधाचं पातेलं उतू जातंय, दारात भाजीवाली उभी आहे, फोनवर लेक आहे, अशात आठ दहाची गोळी आठ दहाला कशी जाणार? राहायची कधीतरी. गोळीनं मळमळायचं, म्हणून "घेते जरा वेळानं" म्हणायच्या आणि विसरायच्या. अशी गोळी राहिली की भालचंद्रराव काय करायचे?

इथं कान द्या! स्टँडवर एखादी फेरी रद्द झाली, गाडी बंद पडली, तर नियंत्रक काय करतो? त्या गाडीची माणसं पुढच्या गाडीत बसवतो. दाटीवाटीनं का होईना, पोचवतो! तीस वर्षांची सवय ती. आठ दहाचं लोह चुकलं? बसवा साडेदहाच्या कॅल्शियममध्ये! साडेदहाचीही राहिली? दोन्ही दीडच्या गाडीत! दिवस वाईट गेला, तर पाच वाजता वाटीत चार गोळ्या. "जादा प्रवासी आहेत, सांभाळून घे!" म्हणायचे आणि वर फुलपात्र पुढं करायचे.

आणि लोहाच्या गाडीला चहाचा थांबा! गोळीनं तोंडाला लोखंडासारखी चव येते, म्हणून बरोबर कपभर चहा. लांबच्या गाडीला चहापाण्यासाठी दहा मिनिटं देतात तशी! रत्नाबाईंना आठवायचं हो, मॅडम काहीतरी दोन तासांचं बोलल्या होत्या. एकदा म्हणाल्यासुद्धा, "अहो, ही नि ती एकत्र नको होती ना?"

"अंतर वेळापत्रकात ठेवलंय. पण चुकलेली टाकून द्यायची? मॅडम काय म्हणाल्या, चुकवायची नाही!"

कोण वाद घालणार? कपाळाला हात मारून गिळून टाकायच्या. आणि संध्याकाळी वहीत बघावं तर काय, एकही गोळी बाकी नाही! सव्वा वर्षात वजन एकशे अठरावरून शहात्तर. पाटावर बसलं की स्वतःचे अंगठे दिसायला लागले. पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांना नमस्कार केला म्हणतात!

आणि मंडळी, त्यातच स्वप्नालीला दिवस गेले! सातव्यात ओटी भरून ती माहेरी बाळंतपणाला आली. रत्नाबाईंचा आनंद मावेना! जुन्या साड्यांची दुपटी शिवली, तेल कढवलं. फक्त एक होतं. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. तळहात पांढरेफटक पडले होते. केस कंगव्यात यायचे. आणि कच्चे तांदूळ खायची हाव! डब्यात हात घालून मुठीमुठीनं! भालचंद्ररावांनी एकदा पकडलं.

"रत्ना! हे वेळापत्रकात नाही!"

"तांदळाला कसलं आलंय वेळापत्रक? जीव ओढतो माझा!"

दोघांनाही कळेना, हे शरीर काय बोलतंय. आपल्यालाही कुठं कळतं? ते कुरकुर करतं आणि आपण त्याला दटावतो!

आठवा महिना लागला. एका सकाळी रत्नाबाईंना वाटलं, सराव करून घ्यावा. आता बाळ कुठून आणायचं सरावाला? आणला एक लाल भोपळा! बाळाच्या वजनाचा, निवडून निवडून. हसा, पण बाई किती मनापासून करत होती बघा! न्हाणीत पाटावर बसल्या, पाय लांब केले, भोपळा पायांवर ठेवला. त्याला तेल लावलं, चोळला, त्याच्याशी बोलल्यासुद्धा: "गुणाची ती बाय माझी, रडायचं नाही हं!" मग कढत पाण्याचा तांब्या घ्यायला वळल्या — आणि डोळ्यांपुढं अंधार. भिंत फिरली, छप्पर फिरलं. रत्नाबाई एका अंगावर कलंडल्या. भोपळा पायांवरून सुटला, उंबऱ्यावर आपटला — फाट! मधोमध दोन तुकडे!

आवाजानं स्वप्नाली धावत आली. पोटावर हात धरून दारात उभी राहिली. आई भिंतीला टेकून, आणि समोर तो फुटलेला भोपळा. बिया सगळीकडे.

सांडलेलं पाणी वाहत होतं.

मग लेक म्हणाली, "आई, भोपळा होता म्हणून बरं."

एवढंच! पण रत्नाबाईंना ते कुठं लागलं असेल? तुम्ही आया आहात, तुम्हाला काय सांगू!

दुपारी स्वप्नाली शांतपणे म्हणाली, "आई, मी सासूबाईंना बोलावून घेते. न्हाऊमाखू त्या बघतील. तू नुसती जवळ बस."

"अगं, एकदा चक्कर आली म्हणून —"

"एकदाच पुरते, आई."

जिच्यासाठी पोट कापून घेतलं, तीच म्हणते नुसती जवळ बस!

दुसऱ्या दिवशी तिघं शहरात गेली, गावित मॅडमकडे. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात, बारा हवं तिथं! धाप, केस, तांदळाची हाव, सगळं त्यातूनच. मॅडम चष्म्यावरून बघायला लागल्या. "रत्नाताई, गोळ्या घेत नाही का तुम्ही?"

रत्नाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात भालचंद्रराव ताडकन उभे! "घेत नाही? मॅडम, सव्वा वर्षात एक गोळी शिल्लक नाही. पुरावा आहे!" आणि पिशवीतून नोंदवही काढून टेबलावर ठेवली. छाती अशी फुगलेली, जणू आता हार घालतायत!

मॅडमनी वही उघडली. एक पान, दुसरं पान. मग बोट थांबलं. "काका, हे काय? 'आठ दहाची रद्द, साडेदहामध्ये सामावली.' सामावली म्हणजे?"

"म्हणजे लोह राहिलं होतं, ते कॅल्शियमबरोबर दिलं!"

"आणि हे? 'पाचच्या गाडीत चार.'"

"त्या दिवशी हळदीकुंकू होतं."

"आणि समोर चहा लिहिलंय तो?"

"थांबा आहे तो. दहा मिनिटांचा."

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्माच काढला. अशी चिडचिड मी शंभर पोरांच्या मास्तरणीची पाहिली नाही! "काका! मी दोन तासांचं अंतर कशाला सांगितलं होतं? या दोघांची आत शिरायची वाट एक आहे. कॅल्शियम आडवं उभं राहिलं, की लोह बाहेरच राहतं. वरून चहा, म्हणजे उरलंसुरलंही गेलं. तुम्ही गोळ्या सगळ्या दिल्यात हो, पण पोचल्या किती?"

भालचंद्रराव खाली बसले. आवाज गेला. ज्या आवाजावर शाळा भरायची, तो! हळूच म्हणाले, "मॅडम, तीस वर्षांत गाडी बंद पडली म्हणून मी एक माणूस फलाटावर ठेवला नाही. पोचवलाच."

"माणूस पोचतो, काका. गोळी नाही पोचत. यापुढं राहिली की रद्द. दुसरीत घालायची नाही. दुसऱ्या दिवशी नवी, तिच्या वेळेला."

"रद्द? नुसती रद्द?"

"नुसती रद्द."

आता मंडळी, तुम्हाला वाटेल चूक सगळी भालचंद्ररावांची. बायका तर माना डोलवायला लागल्यासुद्धा! थांबा! परतीच्या गाडीत रत्नाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. लेक पुढं बघत होती. आणि रत्नाबाईंच्या मनात यजमानांना शिव्यांची माळ चालू होती — डेपो केला माझा, फळा लावला, कर्णा लावला! पण दहावा-अकरावा मणी ओढताना बाई अडखळल्या. दोन तासांचं मी ऐकलं नव्हतं? याच कानांनी! मग गिळत का गेले? वाद नको म्हणून? ते तर आहेच. पण खरं सांगू का, मला ते सोयीचं होतं! आठ दहाची गोळी मी ओट्यावर ठेवून निवांत फोनवर बोलायचे. का? साडेदहाला हे देणारच आहेत! चुकलं तरी भरून निघणारच आहे! पुढची गाडी होती म्हणून तर मी पहिली सोडत होते.

घ्या! सापडलं का आपलं घर? पुढच्या गाडीच्या भरवशावर आजची सोडणारे हात वर करा आता. एकही नाही? मघाशी तर जंगल उभं राहिलं होतं हातांचं!

घरी आल्यावर रत्नाबाईंनी ओला फडका घेतला आणि सगळा फळा पुसून टाकला. भालचंद्रराव बघत राहिले.

"अहो, आजपासून गोळ्या मी बघणार. तुम्ही ओरडायचं नाही. आणि राहिली तर वाटीत टाकायची नाही."

"आणि राहिली तर?"

"तर मला लाज वाटेल. वाटू द्या."

मग शिरेतून लोह चढवलं, दोन खेपा दवाखान्यात जाऊन. चहा गेला चारच्या पुढं. आणि गोळ्या वेळेवर. पहिल्या आठवड्यात काय झालं? पाहुणे आले, आठ दहाची राहिलीच! साडेदहाला भालचंद्रराव ओट्यासमोरून सहा वेळा गेले. गोळी तिथंच पडलेली. त्यांचे हात शिवशिवत होते हो! डाव्या हातानं उजवा धरून ठेवला होता! शेवटी वही उघडली आणि लिहिलं, 'रद्द.' पेन एवढं दाबलं की खालच्या चार पानांवर उमटलं. त्या दिवशी गडी धड जेवला नाही.

रत्नाबाईंनी ते पान पाहिलं. जीव चरकला. तो एक शब्द, आणि त्याच्यापुढं काही नाही. सामावली नाही, भागली नाही. गेली ती गेली! त्यानंतर बाळंतपणापर्यंत त्यांची एक गोळी राहिली नाही, मंडळी. ना घोषणा, ना फळा. कसं झालं? आता मागं पुढची गाडी नव्हती ना!

स्वप्नाली मात्र बधली नाही. म्हणाली, "आधी रिपोर्ट, मग बाळ. नाहीतर सासूबाई आहेतच." आईचीच लेक!

मुलगी झाली. गोरी, नाक अगदी रत्नाबाईंचं, आणि आवाज — भालचंद्ररावांचा! पहिला टाहो फोडला तेव्हा वॉर्डातली माणसं घड्याळं बघायला लागली म्हणे! मायलेकी घरी आल्या त्याच दिवशी रत्नाबाईंचा रिपोर्ट आला. दहा पूर्णांक आठ. आठवडाभर एक चक्कर नाही. मॅडम फोनवर म्हणाल्या, "घ्या बाळाला, पण पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी बसा."

स्वप्नालीनं कागद तीनदा वाचला. उठली, न्हाणीत स्टूल नेऊन ठेवलं, त्यावर बसली, आणि म्हणाली, "आई, ये."

रत्नाबाई पाटावर बसल्या. पाय लांब केले. लेकीनं ते एवढंसं गाठोडं त्यांच्या पायांवर ठेवलं. डोकं दोन पावलांच्या खोबणीत. तेल लावलं. बाळ आधी भोकाड पसरून रडलं, मग कोमट पाणी पाठीवर पडलं, आणि गप्प! नुसतं डोळे उघडून बघायला लागलं. स्वप्नालीचा हात आईच्या खांद्यापासून बोटभर अंतरावर होता. लावला नव्हता. पण होता.

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. घोषणा बंद झाल्यावर शिपायाला घड्याळ दुरुस्त करावंच लागलं होतं! साडेदहा! भालचंद्रराव कॅल्शियमची गोळी नि फुलपात्र घेऊन न्हाणीच्या दारात आले. तोंड उघडलं. आत बघितलं. तोंड मिटलं.

रत्नाबाई मान न वळवता म्हणाल्या, "घेते हो. एवढं झालं की."

"राहू दे," ते म्हणाले. "राहिली तर रद्द." आणि तिथंच उंबऱ्यावर बसले. वही आणायला उठलेसुद्धा नाहीत! लेकीनं बघितलं, आणि मग तिनं आईच्या खांद्याजवळचा हात काढून मांडीवर ठेवला.

काय म्हणता? गोळीचं काय झालं? अहो, अकराला घेतली की! अर्ध्या तासानं काही बिघडत नाही, पुढचीत कोंबली म्हणजे बिघडतं. आणि तुमच्या गोळ्यांचं मला विचारू नका, मी काही डॉक्टर नाही. ज्यानं दिल्या त्याला विचारा! मी विचारतेय ते दुसरंच. आईला फोन करायचा राहिला, तो दिवाळीला तासभर बोलून भरून काढणारे कोण? बायकोशी वर्षभर धड बोलले नाहीत आणि लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात नेलं की झालं म्हणणारे कोण? ओ, खांबाला टेकलेले, तुमच्याकडेच बघतेय! सामावून घेतलंत, वहीत बाकी काही दिसत नाही. पण पोचलं किती?

जे राहिलं ते राहिलं. त्याची लाज वाटू द्या, आणि सोडा. पण आजचं आज!

आता घड्याळात किती वाजलेत? साडेसहा. मग साडेसहाचं नाव साडेसहाला घ्यायचं. मागच्याची भरपाई म्हणून नाही, उद्याची सोय म्हणूनही नाही. एकदाच, पण या वेळेचं! टाळ घ्या हातात. पेटी, सूर वाढवा. आणि खांबवाले, तुम्ही सगळ्यात मोठ्यानं! म्हणा — विठ्ठल!